छायाचित्राखालचे नाव : होमाई व्यारावाला यांच्या कारकिर्दीच्या निमित्ताने

१

कलाकृतीचा कर्ता कोण, हा प्रश्न मराठी समीक्षेने गेल्या काही दशकांत अनेक अंगांनी हाताळला आहे. रोलां बार्थ यांचा लेखकाच्या मृत्यूविषयीचा निबंध (१९६७) आणि मिशेल फूको यांचे ‘लेखक म्हणजे काय?’ या प्रश्नावरील व्याख्यान (१९६९) यांचा आधार या चर्चेला वारंवार घेतला जातो. संहितेचा अर्थ कर्त्याच्या हेतूशी बांधून ठेवू नये, वाचकाच्या हाती तो मोकळा करावा, ही भूमिका आता विद्यापीठीय अभ्यासक्रमातही रुळली आहे. मात्र या भूमिकेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. कर्त्याचे नाव कृतीवर आधीपासून ठळकपणे होते आणि सिद्धान्ताने ते नंतर बाजूला सारले, असा हा क्रम आहे. ज्या कृतीवर कर्त्याचे नाव लागलेच नाही, किंवा लागले ते दुसऱ्याचेच लागले, तिच्या बाबतीत हा क्रम कसा लावायचा? जे नाव मिळालेच नव्हते ते विसर्जित कसे करायचे?

हा प्रश्न स्त्रियांच्या निर्मितीच्या इतिहासात पावलोपावली येतो. छायाचित्रणाच्या क्षेत्रात तो अधिक तीव्र होतो. कारण छायाचित्र पाहताना कोणीतरी ते काढले आहे याचाच पाहणाऱ्याला विसर पडतो. कवितेखाली कवीचे नाव नसेल तर वाचक अडखळतो. वर्तमानपत्रातील छायाचित्राखाली नाव नसेल तर कोणी अडखळत नाही. चित्रात नेहरू आहेत, गांधीजी आहेत, एवढे कळले की पाहणे पूर्ण झाले असे मानले जाते.

होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जातात. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे. ‘पहिली’ या विशेषणाने व्यक्तीचा गौरव होतो आणि तिच्या कामाची चिकित्सा टळते, असा अनुभव साहित्याच्या इतिहासातही येतो. पहिली कादंबरीकार, पहिली निबंधकार, पहिली संपादिका अशा नोंदी केल्या की इतिहासकाराचे काम संपते. त्या कृतीत काय आहे, हे पाहणे मागे पडते. म्हणून प्रस्तुत लेखात होमाईंच्या कारकिर्दीचा विचार तीन मुद्द्यांच्या आधारे केला आहे : त्यांच्या छायाचित्रांना लागलेली नावे, त्यांच्या दृष्टीचे स्वरूप आणि त्यांच्या कामाचे जतन. हे तिन्ही मुद्दे परस्परांत गुंतलेले आहेत.

२

होमाईंच्या आधीच्या काळाकडे ओझरती दृष्टी टाकणे आवश्यक आहे. मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ १८५४ मध्ये स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या कलेच्या आरंभीच्या एतद्देशीय उपासकांपैकी होत. हरिश्चंद्र चिंतामण यांनीही मुंबईत छायाचित्रकार म्हणून नाव मिळवले. या पहिल्या पिढीत स्त्रिया होत्या त्या कॅमेऱ्यासमोर, कॅमेऱ्यामागे नव्हत्या.

कॅमेऱ्यासमोर येणे हीही सोपी गोष्ट नव्हती, याचा पुरावा तत्कालीन हैदराबाद संस्थानात मिळतो. आजचा धाराशिव जिल्हा उस्मानाबाद या नावाने त्याच संस्थानात मोडत असे. निजामाच्या दरबाराशी निगडित असलेले प्रख्यात छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत केवळ स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ उघडला आणि त्याची व्यवस्था श्रीमती केनी-लेव्हिक या युरोपीय बाईंकडे सोपवली. पडद्यातील स्त्रियांचे छायाचित्र पुरुषाने काढणे अशक्य होते, म्हणून स्त्री छायाचित्रकाराची गरज निर्माण झाली. स्त्रीला या व्यवसायात प्रवेश मिळाला तो असा पडद्याच्या आतल्या बाजूने. मात्र या स्टुडिओच्या संदर्भातही इतिहासाच्या ओळखीचे राहिले ते दीनदयाळ यांचे नाव. व्यवसायाचे नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचा, ही रीत त्या काळातील सर्वच स्टुडिओंची होती. स्त्रियांच्या बाबतीत ती अधिक काळ टिकली.

होमाईंचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर उठून दिसते. जनाना स्टुडिओतील स्त्री बंद दालनात स्त्रियांची छायाचित्रे काढत होती. होमाई रस्त्यावर, विमानतळावर, सभागृहात पुरुषांची छायाचित्रे काढत होत्या. पडद्याच्या आतून बाहेर येण्याचे हे स्थित्यंतर अवघ्या अर्धशतकातले आहे. पण या स्थित्यंतरात जागा बदलली तितक्या वेगाने नावाची रीत बदलली नाही.

३

होमाई यांचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी गुजरातेतील नवसारी येथे एका पारशी कुटुंबात झाला. वडील दोसाभाई हाथीराम हे उर्दू-पारशी रंगभूमीवरील नट. फिरत्या नाटक मंडळीच्या आयुष्यात बालपणाचा काही काळ गेला आणि पुढे कुटुंब मुंबईत स्थिरावले. सेंट झेवियर्स महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली आणि सर ज. जी. कलाशाळेत चित्रकलेचे शिक्षण घेतले. कॅमेऱ्याशी त्यांची ओळख माणेकशा व्यारावाला यांनी करून दिली. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त हिशेबनीसाचे काम करणारे माणेकशा स्वतः छायाचित्रकार होते. दोघांचा परिचय होमाई १३ वर्षांच्या असताना झाला होता. विवाह १९४१ मध्ये झाला.

तीसच्या दशकाच्या अखेरीस ‘बॉम्बे क्रॉनिकल’ने होमाईंची छायाचित्रे छापली. स्त्रियांच्या एका सहलीची ती छायाचित्रे होती आणि प्रत्येकी एक रुपया असे त्यांचे मानधन मिळाले. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’ या साप्ताहिकासाठी त्यांनी काम केले. या आरंभीच्या वर्षांत त्यांची छायाचित्रे माणेकशा यांच्या नावाने प्रसिद्ध होत असत. होमाई अपरिचित होत्या आणि स्त्री होत्या, ही त्यामागची दोन कारणे सांगितली जातात.

होमाईंच्या चरित्रपर लेखनात मुंबईची ही वर्षे बहुधा प्रस्तावनेसारखी येतात. खरी कारकीर्द दिल्लीपासून सुरू झाली असे मानले जाते. ही मांडणी तपासून पाहण्यासारखी आहे. मुंबईच्या छायाचित्रांत सत्ताधीश नाहीत. ज. जी. कलाशाळेत शिल्प घडवणाऱ्या, रेखाटन करणाऱ्या, मोकळेपणाने वावरणाऱ्या तरुण विद्यार्थिनी आहेत. रेहाना मोगल ही त्यांची सहाध्यायी अनेक छायाचित्रांत दिसते. व्हिक्टोरिया टर्मिनसचा परिसर आहे, शहरातले रोजचे जगणे आहे. या चित्रांतील तरुणी कॅमेऱ्याला बुजत नाहीत आणि त्याला उद्देशून काही करतही नाहीत. त्या आपापल्या कामात असतात. स्टुडिओच्या छायाचित्रातील स्त्री ही खुर्चीचा आधार घेऊन, रंगवलेल्या पडद्यासमोर, कुटुंबाच्या प्रतिष्ठेची खूण म्हणून उभी असते. होमाईंच्या मुंबईतील छायाचित्रांत ती कलेची विद्यार्थिनी, कामकरी, शहराची रहिवासी म्हणून येते. मैत्रिणीने मैत्रिणीकडे पाहावे तशी ही नजर आहे.

या काळातील मराठी साहित्याशी त्याचा संबंध जोडता येतो. विभावरी शिरूरकर यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा संग्रह १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, अविवाहित, स्वतःच्या पायावर उभ्या राहू पाहणाऱ्या तरुणीचे अंतरंग त्याने वाचकांपुढे आणले. लेखिकेने टोपणनाव घेतले होते आणि ‘ही विभावरी कोण?’ हा प्रश्न पुस्तकातील आशयाइतकाच गाजला. होमाईंची मुंबईतील छायाचित्रे त्याच पिढीतील तरुणीचे बहिरंग दाखवतात. एकीकडे मालतीबाई बेडेकरांनी आत्मरक्षणासाठी वेगळे नाव घेतले; दुसरीकडे होमाईंच्या कामावर पतीचे नाव लागले. पहिल्या प्रसंगी वाचकांनी खऱ्या नावाचा शोध घेतला. दुसऱ्या प्रसंगी कोणी शोध घेतला नाही, कारण तेथे काही लपलेले आहे अशी शंकाच येण्याचे कारण नव्हते. टोपणनाव कुतूहल जागवते, पतीचे नाव ते शमवते.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. माणेकशा यांनी पत्नीचे श्रेय हिरावून घेतले, असे सरळ विधान केल्यास ते अन्यायाचे ठरेल. त्यांनीच होमाईंच्या हाती कॅमेरा दिला, अंधारखोलीतील कामात साथ दिली आणि त्या काळातील बहुसंख्य पतींनी मोडता घातला असता अशा व्यवसायात त्यांना उभे राहू दिले. छायाचित्र हे टिपणे, धुणे, छापणे अशा टप्प्यांतून सिद्ध होते आणि या टप्प्यांवर दोघांचे हात लागलेले असू शकतात. म्हणजे एकाच कर्त्याची कल्पना येथे मुळातच अपुरी पडते. तरीही प्रश्न उरतोच : दोघांचे काम असताना छापले जाणारे नाव एकाचेच का, आणि ते नेहमी त्याचेच का? व्यक्तीच्या सद्भावनेने या प्रश्नाचे निराकरण होत नाही. संपादकाची टेबले, वाचकाच्या अपेक्षा आणि व्यवसायाचा शिरस्ता या सर्वांनी मिळून हे नाव ठरवलेले असते.

४

१९४२ मध्ये व्यारावाला दांपत्य दिल्लीला गेले. ब्रिटिश माहिती सेवेसाठी दोघांनी काम केले आणि त्याचबरोबर इतर नियतकालिकांना छायाचित्रे देण्याची मुभाही होमाईंना होती. पुढची जवळजवळ तीन दशके त्यांनी राजधानीतील घडामोडी टिपल्या. जून १९४७ मध्ये फाळणीच्या योजनेवर हात वर करून मत देणारे काँग्रेसजन, ऑगस्ट १९४७ मधील लाल किल्ल्यावरचे पहिले ध्वजारोहण, लॉर्ड माउंटबॅटन यांचे प्रस्थान, गांधीजींचा अंत्यविधी, १९५६ मध्ये नथु ला मार्गे सिक्कीममध्ये उतरणारे तरुण दलाई लामा, १९६१ मधील राणी एलिझाबेथ यांची भेट, १९६४ मधील नेहरूंचा अंत्यविधी अशी ही मालिका आहे. स्वतंत्र भारताच्या पहिल्या दोन दशकांची जी चित्रे आज सामूहिक स्मृतीत आहेत, त्यांतील अनेक होमाईंच्या कॅमेऱ्यातून आलेली आहेत.

या काळात त्यांनी ‘डालडा १३’ हे टोपणनाव वापरले. त्याची कथा सर्वश्रुत आहे. जन्मसाल १९१३, पतीशी भेट वयाच्या १३व्या वर्षी आणि पहिल्या मोटारगाडीचा क्रमांक डीएलडी १३. हा गमतीचा योगायोग म्हणून सांगितला जातो. पण समीक्षकाने येथे थांबून विचार करावा. ‘डालडा’ हे तेव्हा नुकतेच घराघरांत पोहोचत असलेल्या वनस्पती तुपाचे नाव होते. स्वयंपाकघरातल्या डब्यावरचा शब्द आणि मोटारीच्या पाटीवरचा आकडा यांच्या जुळणीतून हे नाव तयार झाले. त्यात लिंगाची खूण नाही, जातीधर्माची नाही, वडिलांची नाही आणि पतीचीही नाही. आरंभी दुसऱ्याच्या नावाखाली छापल्या गेलेल्या या छायाचित्रकाराने स्वतः निवडलेले नाव असे सर्व नात्यांच्या बाहेरचे असावे, याकडे निव्वळ विनोद म्हणून पाहणे अवघड आहे. त्याच वेळी हेही खरे की, या नावामुळे त्यांची छायाचित्रे पुन्हा एका आडपडद्यामागे गेली.

दिल्लीत पत्रकार-छायाचित्रकारांच्या घोळक्यात त्या एकट्या स्त्री होत्या. साडी नेसून, अवजड कॅमेरा घेऊन, आरंभीच्या वर्षांत सायकलवरून फिरणारी ही बाई हौसेखातर हे करते आहे, असे अनेकांना वाटे. लोकांनी गांभीर्याने न घेतल्याचा आपल्याला लाभच झाला, कारण त्यामुळे कोणी अडवले नाही, असे त्यांनी नंतर मुलाखतींतून सांगितले आहे. पुरुष सहकारी त्यांना ‘मम्मी’ म्हणत. हे संबोधन आदराचे होते, आणि धंद्यातल्या स्पर्धकाला नात्यात बसवून निर्धोक करण्याचा तो एक मार्गही होता.

या दुर्लक्षाचे सौंदर्यशास्त्रीय परिणाम त्यांच्या छायाचित्रांत शोधता येतात. होमाईंचे नेहरू हे व्यासपीठावरचे नेहरू जितके आहेत तितकेच व्यासपीठाच्या कडेचे नेहरू आहेत. पालम विमानतळावर भगिनी विजयालक्ष्मी पंडित यांना मिठी मारणारे, हातातून कबुतर सोडणारे, विमानात ब्रिटिश उपउच्चायुक्तांच्या पत्नीची सिगारेट पेटवून देताना स्वतःच्या ओठांतही सिगारेट धरलेले. ‘छायाचित्रे काढण्यास सक्त मनाई’ अशी पाटी जवळ असताना विमानतळावर वाट पाहत उभे असलेले नेहरू हे त्यांचे एक विलक्षण छायाचित्र आहे. राज्यसंस्थेने लावलेली पाटी आणि त्या राज्यसंस्थेचा प्रमुख एकाच चौकटीत येतात आणि पाटीचा हुकूम त्याच क्षणी मोडलेला असतो. छायाचित्राचे अस्तित्व हाच त्यातील विनोद. काढणारी व्यक्ती चौकटीत नाही, पण तिच्याशिवाय या चित्राचा अर्थ लागत नाही. कर्ता अनुपस्थित असूनही अर्थासाठी अपरिहार्य असतो, याचे इतके नेमके उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

जून १९४७ च्या छायाचित्राचे वाचन याच रीतीने करता येते. चित्रात दिसतात ते वर गेलेले हात. हात वर करणे ही सभेतील अगदी साधी क्रिया. शाळेच्या वर्गातही ती घडते. या चित्रात रक्त नाही, निर्वासितांचे तांडे नाहीत. मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी ‘लाइफ’ साठी टिपलेली फाळणीची छायाचित्रे परिणामांची आहेत. होमाईंचे हे चित्र निर्णयाचे आहे. परिणाम ठाऊक असलेल्या वाचकाला ते हात पाहताना जो अस्वस्थपणा येतो तो चित्राबाहेरच्या ज्ञानातून येतो. इतिहासाचा हा उपरोध छायाचित्रकाराने योजलेला नव्हता. तिने तो शक्य केला.

होमाईंच्या कामाची मर्यादाही येथेच स्पष्ट होते. त्यांचा कॅमेरा राजधानीच्या निमंत्रित वर्तुळात वावरतो. मेजवान्या, स्वागतसमारंभ, राजनैतिक भेटी यांचे प्रमाण त्यांत मोठे आहे. दंगली, दुष्काळ, कामगारांचे लढे यांना त्यात जागा फारशी नाही. नव्या राष्ट्राच्या उत्साहाशी त्यांची दृष्टी एकरूप झालेली होती आणि नेहरूयुगाचा तो उत्साह ओसरत गेला तसा त्यांच्या छायाचित्रांतील प्रसन्नपणाही ओसरत गेला. विषयाची प्रतिष्ठा राखली पाहिजे, कोणालाही अवघडलेल्या किंवा ओशाळवाण्या अवस्थेत टिपू नये, असा त्यांचा दंडक होता. या दंडकाने त्यांच्या छायाचित्रांना संयम दिला; सत्तेची उलटतपासणी करण्याची शक्ती मात्र दिली नाही. ही मर्यादा मान्य करूनच त्यांचे मोल ठरवावे लागेल.

५

कोणत्याही कारकिर्दीत न घडलेल्या कृतींचा इतिहास असतो. समीक्षा सहसा त्याकडे वळत नाही. होमाईंच्या बाबतीत अशा दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली ३० जानेवारी १९४८ ची. त्या दिवशी त्या बिर्ला भवनातील प्रार्थनासभेला जाण्यासाठी निघाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून जावे, या विचाराने पतीने त्यांना परत बोलावले. त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. आपण तेथे नव्हतो, ही खंत त्यांनी आयुष्यभर बाळगली. न काढलेल्या या छायाचित्राविषयी त्या जितक्या बोलल्या, तितक्या काढलेल्या अनेक छायाचित्रांविषयी बोलल्या नाहीत. वृत्तछायाचित्रकाराच्या व्यवसायात उपस्थिती हीच मुख्य कमाई असते. स्त्रीची उपस्थिती ही घराच्या वेळापत्रकाशी, सोबतीशी, कोणाच्या तरी बोलावण्याशी बांधलेली राहते, हे या प्रसंगातून ध्यानात येते. पतीच्या विनंतीत गैर काही नव्हते. पण तीच विनंती पत्नीने पतीला केली असती तर तो परतला असता का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

दुसरी गोष्ट १९७० ची. माणेकशा यांचे १९६९ मध्ये निधन झाले आणि वर्षभरात होमाईंनी छायाचित्रण थांबवले. नव्या पिढीतील छायाचित्रकारांचे बेशिस्त वर्तन त्यांना सहन होत नव्हते, असे कारण त्यांनी दिले. त्यानंतरच्या चाळीसहून अधिक वर्षांत त्यांनी पुन्हा कॅमेरा हाती घेतला नाही. मुलाबरोबर त्या पिलानीला राहिल्या, पुढे वडोदऱ्याला आल्या; १९८९ मध्ये मुलाच्या निधनानंतर तेथेच एकट्या राहिल्या. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दृष्टीने त्या बागकाम करणाऱ्या, घरातली दुरुस्ती स्वतः करणाऱ्या एक पारशी वृद्ध बाई होत्या. पाठ्यपुस्तकांत आणि वर्तमानपत्रांत मात्र त्यांची छायाचित्रे फिरतच होती.

६

या दीर्घ विस्मृतीतून होमाई बाहेर आल्या त्या एका स्त्री अभ्यासकाच्या प्रयत्नांनी. सबीना गडिहोक यांनी १९९८ मध्ये ‘थ्री विमेन अँड अ कॅमेरा’ हा माहितीपट केला आणि २००६ मध्ये होमाईंच्या छायाचित्रांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे २०१० मध्ये राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, २०११ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्यांचा संग्रह अल्काझी फाउंडेशनकडे सुरक्षित आहे. १५ जानेवारी २०१२ रोजी वडोदरा येथे त्यांचे निधन झाले.

मराठी वाचकाला येथे ताराबाई शिंदे यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘स्त्रीपुरुषतुलना’ हे पुस्तक १८८२ मध्ये ताराबाईंच्या नावानिशी प्रसिद्ध झाले आणि नंतर विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले. दोन्ही प्रसंगांत पुनःशोध आहे. पण त्यांची रचना परस्परविरुद्ध आहे. ताराबाईंच्या बाबतीत पुस्तकावर नाव होते, पण पुस्तकच वाचकांच्या दृष्टीआड गेले. होमाईंच्या बाबतीत छायाचित्रे सतत डोळ्यांपुढे होती, पण नाव दृष्टीआड गेले. मालशे यांना संहिता शोधावी लागली; गडिहोक यांना संहितेची कर्ती शोधावी लागली.

हा भेद सैद्धान्तिक दृष्ट्या महत्त्वाचा आहे. संहिता हरवली की तिची उणीव निदान कोणाला तरी जाणवू शकते. नाव हरवले तर उणीवच जाणवत नाही, कारण कृतीचा उपभोग अखंड चालू असतो. किंबहुना नाव नसल्यामुळे तो अधिक सुकर होतो. छायाचित्र ‘राष्ट्राचे’ होऊन जाते. राष्ट्राच्या स्मृतीचे सामूहिकपण असे अनेक व्यक्तिगत नावांच्या लोपावर उभे असते. कर्त्याचे नाव पुन्हा लावणे म्हणजे जुन्या चरित्रात्मक समीक्षेकडे परतणे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो योग्य नाही. होमाईंचे नाव लावल्याने त्यांच्या छायाचित्रांचा अर्थ बंद होत नाही. उलट ज. जी. कलाशाळेतील विद्यार्थिनींची चित्रे आणि विमानतळावरील नेहरू यांना जोडणारी एक नजर आहे, हे नाव लावल्यावरच दिसू लागते. नावाखाली एकत्र आल्याशिवाय या सुट्या प्रतिमांचे ‘काम’ होत नाही आणि त्याची समीक्षाही होऊ शकत नाही.

७

नाव आणि जतन यांचा संबंध अधिक स्पष्ट व्हावा यासाठी पोलंडमधील झोफिया रिदेत (१९११–१९९७) यांच्याकडे वळता येईल. होमाईंपेक्षा त्या दोनच वर्षांनी मोठ्या. पूर्वी पोलंडमध्ये आणि आता युक्रेनमध्ये असलेल्या स्तानिस्लावूव या गावी त्यांचा जन्म झाला. महायुद्धानंतर त्या सिलेशियात आल्या, बितोम येथे त्यांनी छोटे दुकान चालवले आणि चाळिशीत छायाचित्रणाकडे गांभीर्याने वळल्या. मुलांच्या छायाचित्रांचे ‘छोटा माणूस’ या अर्थाच्या शीर्षकाचे त्यांचे पुस्तक १९६५ मध्ये निघाले. १९७८ मध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी, त्यांनी ‘समाजशास्त्रीय नोंद’ हा प्रकल्प हाती घेतला. खेड्यापाड्यांतील घरांची दारे ठोठवायची, माणसांना त्यांच्याच घरात भिंतीसमोर बसवायचे, रुंद कोनाच्या भिंगाने समोरून छायाचित्र घ्यायचे, ही त्यांची रीत. १९९० पर्यंत त्या हे काम करत राहिल्या आणि सुमारे २० हजार निगेटिव्ह मागे राहिल्या.

होमाई ज्या वयाच्या आधीच थांबल्या, त्या वयात रिदेत यांनी आपले सर्वांत मोठे काम सुरू केले. होमाईंचा विषय राष्ट्राचे दिवाणखाने, रिदेत यांचा विषय शेतकऱ्यांची माजघरे. होमाईंच्या चित्रांत सर्वांची नावे ठाऊक आहेत, काढणारीचे नाव पुसट आहे. रिदेत यांच्या चित्रांत काढणारीचे नाव पक्के आहे, चित्रातील माणसांची नावे बहुधा नाहीत. प्रत्येक नोंद काही नावे राखते आणि काही गाळते, हे या तुलनेतून ध्यानात येते. रिदेत यांच्या छायाचित्रांत भिंतींवर लग्नाची चित्रे, संतांच्या तसबिरी, पोपची प्रतिमा टांगलेली दिसते. घरात टांगलेल्या छायाचित्रांचाच त्यांनी एक स्वतंत्र उपविभाग केला. ते घर आणि ती भिंत लवकरच नाहीशी होणार आहे, या जाणिवेने त्यांना घाई होती.

ही घाई धाराशिव जिल्ह्यातील अभ्यासकाला परकी वाटणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूरमधील किल्लारी आणि धाराशिवमधील सास्तूर या गावांसह त्या परिसरातील खेड्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंतींची घरे ज्यांच्यावर कोसळली, त्यांची छायाचित्रे त्याच भिंतींवर टांगलेली होती. त्यानंतर देशभरातून आलेल्या छायाचित्रकारांनी ढिगारे टिपले. भूकंपापूर्वीच्या घरांची, ओसरीची, देवळीची, भिंतीवरच्या तसबिरींची अशी नोंद करणारी रिदेत या गावांना लाभली नव्हती. जे वाचले ते कोणाच्या ट्रंकेत राहिलेले एखादे लग्नाचे छायाचित्र, तुळजापूरच्या यात्रेत काढून घेतलेला एखादा फोटो. अशा फोटोच्या मागे क्वचित स्टुडिओचा शिक्का असतो. ते काढणाऱ्याचे, रंगवणाऱ्याचे, धुणाऱ्याचे नाव नसते. स्टुडिओमागच्या अंधारखोलीत घरातील स्त्रियांचे हात किती राबले, हे त्या शिक्क्यावरून कळण्याची सोय नाही.

होमाई व्यारावाला यांच्या कारकिर्दीचा अभ्यास म्हणूनच एका व्यक्तीच्या गौरवापुरता राहू नये. मुंबईतील एका कलाशाळेची विद्यार्थिनी, इंग्रजी नियतकालिके, राजधानीतील वास्तव्य आणि जिद्दी अभ्यासक एवढ्या गोष्टी जुळून आल्या तेव्हा एक नाव आपल्या छायाचित्रांखाली परतले. तालुक्याच्या गावांतील स्टुडिओ, मुक्तिसंग्रामाच्या स्मरणिका, शाळांचे निरोपसमारंभ यांतील छायाचित्रांच्या बाबतीत यांपैकी काहीच जुळून आलेले नाही. तेथे नाव शोधण्याचे काम अजून ज्यांना ते आठवते त्यांच्या हयातीतच व्हावे लागेल. साहित्याच्या अभ्यासकाने हस्तलिखिताची पुष्पिका वाचण्याची सवय लावून घेतलेली असते; लेखनिकाचे नाव, स्थळ, तिथी तो निष्ठेने नोंदवतो. तीच सवय आता छायाचित्राच्या पाठकोऱ्या बाजूकडे वळवली पाहिजे.